पुण्यात परत येताय? आधी इयत्ता, मग तारीख, घर सगळ्यात शेवटी

दहा-बारा वर्षं बाहेर काढल्यावर पुण्याला परतायचं ठरलं, की बहुतेक घरांत पहिली चर्चा सुरू होते ती फ्लॅटची. बाणेर की बावधन, टू बीएचके की थ्री, एजंटचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येऊन पडू लागतात, आणि आई-बाबा "आपल्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक रिकामा आहे" म्हणून कळवतात. इथेच क्रम चुकतो. मुलांच्या इयत्तेवरून परतीची तारीख ठरते, तारखेवरून कराचं गणित ठरतं, शाळेवरून राहण्याचा भाग ठरतो. घर विकत घेणं या रांगेत शेवटचं. क्रम उलटा केला की प्रत्येक पायरीवर पैसे जातात, आणि ते कुठे गेले हे कळतही नाही.

पुढचं सगळं मुख्यतः परदेशातून येणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. बंगळुरू किंवा दिल्लीहून येणाऱ्यांनी कर आणि कस्टम्सचा भाग सोडून बाकी खुशाल वाचावं.

इयत्ता बघा, मग तारीख

मूल पाचवी-सहावीच्या आत असेल तर वर्षात केव्हाही आणा, फार बिघडत नाही. आठवीनंतर मात्र हिशेब बदलतो. सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेश सहजासहजी मिळत नाही, त्यासाठी बोर्डाची परवानगी लागते. त्यामुळे एकतर नववी सुरू होण्याआधी या, नाहीतर बारावी तिकडेच होऊ द्या. मधल्या दोन-तीन वर्षांत मुलाला उचलून आणणं मला तरी पटत नाही, आजी-आजोबांना कितीही घाई असली तरी.

सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, मग मे महिन्याची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा वर्ग. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. आयबी आणि केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांचं वर्ष बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं. अमेरिकेतली शाळा मेअखेर किंवा जूनमध्ये संपत असेल, तर राज्य मंडळ आणि आयबी दोन्ही वेळेत गाठता येतात. सीबीएसईत मात्र पहिले काही आठवडे बुडालेले असतात, पण ते भरून निघतात. चांगल्या शाळांच्या प्रवेशाच्या हालचाली आदल्या हिवाळ्यातच सुरू होतात, म्हणून ईमेल दिवाळीनंतर लगेच पाठवा.

मराठीबद्दल मनाची तयारी ठेवा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलंही असो, पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलालाही लिहिताना घाम फुटतो: जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ. निघण्याआधी सहा महिने रोज वीस मिनिटं बाराखडी आणि सोप्या गोष्टींचं मोठ्याने वाचन, एवढं जरी झालं तरी पहिल्या चाचणीत मुलाचा चेहरा पडत नाही. हे काम आजीने व्हिडिओ कॉलवर घेतलं तर सोन्याहून पिवळं. आई-बाबांनी घेतलं की भांडणं होतात.

मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल तर आणखी एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्या. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) मिळालेल्या मुलांना नीटसारख्या परीक्षांत अनिवासी भारतीयांच्या जागांवरच प्रवेश मिळतो, सर्वसाधारण जागांवर नाही. आणि महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे डोमिसाईलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. डॉक्टर व्हायचं म्हणणारी मुलगी घरात असेल, तर हा परिच्छेद नवराबायकोने एकत्र बसून वाचावा.

कर: विमानाचं तिकीट काढण्याआधी सीए

आर्थिक वर्षात (१ एप्रिल ते ३१ मार्च) १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात की तुम्ही निवासी. शिवाय चालू वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस अशी दुसरीही कसोटी आहे. म्हणून गणपती, लग्नं, आजारपणं यांसाठी केलेल्या सगळ्या फेऱ्यांचे दिवस पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजा, तक्ता करा आणि तो सीएच्या हातात द्या. "साधारण महिनाभर आलो होतो" यावर कुठलाही सीए हिशेब करू शकत नाही.

चांगली बातमी अशी, की बरीच वर्षं बाहेर राहिलेल्याला परतल्यावर थोडा श्वास घ्यायला वेळ मिळतो. मागच्या १० पैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी होता, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नव्हता, तर तुमचा दर्जा आरएनओआर, म्हणजे निवासी असूनही 'सर्वसाधारण निवासी' नसलेला. हा बहुतेकांना दोन ते तीन आर्थिक वर्षं मिळतो. या काळात परदेशातलं व्याज, भाडं, शेअरविक्रीचा नफा तिकडेच मिळत असेल तर त्यावर भारतात कर लागत नाही. तिकडचं घर किंवा कंपनीचे शेअर्स विकायचे असतील तर याच खिडकीत विका, अर्थात तिकडचा कर बघून. खिडकी बंद झाली की जगभरचं उत्पन्न इथे करपात्र होतं आणि परदेशातली प्रत्येक मालमत्ता, बंद पडलेलं बचत खातंसुद्धा, विवरणपत्रात दाखवावी लागते. तो रकाना रिकामा सोडणं महागात पडतं. काळ्या पैशाच्या कायद्यातला दंड १० लाख रुपयांचा असू शकतो.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवर दरवर्षी नव्हे तर पैसे काढताना कर भरण्याचा पर्याय आहे. तो वेळेत निवडावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे जुन्या लेखांतले फॉर्म आणि कलमांचे क्रमांक डोळे झाकून वापरू नका.

बँकेचं सोपं आहे. कायमचं राहायला आलात की एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती निवासी करून घ्यायची. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकी चलनातली ठेव, मुदतीपर्यंत चालते. परकी चलनातच पैसे ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे निवासींचं परकी चलनाचं खातं उघडता येतं. बाहेर असताना तिकडे घेतलेली मालमत्ता परत आल्यावरही ठेवता येते, ती विकून टाकावी लागते हा गैरसमज आहे.

तिकडे असतानाच उरकायची कामं

इथे येऊन होत नाहीत अशी कामं आधी. मुलांच्या जन्मदाखल्याचं आणि शाळेच्या कागदांचं अपोस्टिल (दुसऱ्या देशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणीकरण) तो कागद ज्या देशात निघाला तिथेच होतं. ज्या देशात ती सोय नाही तिथे साक्षांकनाची वेगळी वाट असते. शेवटच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला (तिकडे तसा प्रकार नसतो, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र मागून घ्या), लसीकरणाची नोंद, दात-डोळ्यांसकट सगळ्यांचे वैद्यकीय कागद, मागच्या सहा-सात वर्षांची करविवरणपत्रं. कागद मूळ स्वरूपात हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये नाही.

तिकडचा मोबाईल नंबर बंद करू नका. सगळ्यात स्वस्त प्लॅनवर टाका, कारण तिकडच्या बँकेचा ओटीपी पुढची दोन-तीन वर्षं त्याच नंबरवर येणार आहे. इकडच्या नंबरचंही तेच. आधारला जोडलेलं सिम रिचार्जअभावी बंद पडलं असेल तर तो नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाच्या खिशात वाजत असतो. पॅन आणि आधार जोडलेलं आहे का, हेही तिकडूनच तपासून घ्या. पॅन निष्क्रिय झालेलं निघालं तर पहिल्या महिन्यात खातं उघडण्यापासून सगळं अडतं.

आरोग्यविमा निघण्याआधी घ्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो आणि नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही. हे घड्याळ तुम्ही तिकडे असतानाच चालू झालेलं बरं. नोकरीत मिळणाऱ्या विम्यावर विसंबू नका, नोकरी बदलली की तो गेला. मुलांना टायफॉईड आणि हिपॅटायटिस एची लस देऊन आणा. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यूही असतो, त्यामुळे जूनमध्ये उतरणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे वरच्या बॅगेत ठेवावेत.

सामान

कमी आणा. घरातल्या प्रत्येक वस्तूकडे बघून एकच प्रश्न विचारा: लक्ष्मी रोडवर किंवा ऑनलाइन ही मिळते का? मिळत असेल तर तिथेच द्या कुणाला तरी. अमेरिकेतली ११०-१२० व्होल्टवर चालणारी उपकरणं इथल्या २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरशिवाय जळतात, आणि मिक्सरसाठी मोठा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर कोण ठेवणार? डाव्या स्टिअरिंगची गाडी आणायचा विचारही नको. पुस्तकं, मुलांची सायकल, भांड्यांतली आवडती दोन, वाद्यं आणि चांगली गादी एवढं आणण्यात अर्थ आहे.

किमान दोन वर्षं बाहेर राहून परतणाऱ्यांना कस्टम्समध्ये घरगुती सामानावर सवलत मिळते. मात्र त्या दोन वर्षांतल्या भारतभेटी मिळून सहा महिन्यांच्या आत हव्यात. सवलतीची मर्यादा आणि वस्तूंची यादी सरकार बदलत असतं, म्हणून माल चढवायच्या आठवड्यातला नियम कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघा, मित्राच्या २०१८ च्या अनुभवावर जाऊ नका. प्रत्येक खोक्यावर क्रमांक, आणि यादीत त्या क्रमांकासमोर वस्तू, वर्ष, अंदाजे किंमत. "किचन मिसलेनियस" असं लिहिलेली खोकी न्हावा-शेवा बंदरात हमखास उघडली जातात. सामान सोडवायला मूळ पासपोर्ट लागतो, तेव्हा कंटेनर तुमच्या आधी बंदरात येऊन पडणार नाही असं बघा. तिथे पडून राहण्याचं भाडं दिवसागणिक चढतं.

कुठे राहायचं: पाणी विचारा, मग व्ह्यू बघा

पहिलं वर्ष भाड्याने राहा. तुम्ही सोडलेलं पुणं आणि आत्ताचं पुणं यांत बराच फरक आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, मेट्रो वनाजपासून रामवाडीपर्यंत आणि पिंपरी-चिंचवडपासून स्वारगेटपर्यंत धावते. गेल्या वेळी सुट्टीत दहा दिवस राहून गेलात म्हणून शहर कळलं असं होत नाही. सुट्टीत आपण अकराला बाहेर पडतो, हिंजवडीला निघालेला माणूस सकाळी साडेआठला अडकलेला असतो.

जागा बघताना सकाळी सातला सोसायटीत जा. एजंट असतो तेव्हा नाही, एकटे. गेटवरच्या वॉचमनकाकांना विचारा, "काका, टँकर किती येतात दिवसाला?" ते खरं सांगतात, कारण टँकर आत घ्यायचं काम त्यांचंच. नंतर मालकाकडे मेंटेनन्सचं मागच्या मेचं बिल मागा आणि त्यात पाण्याच्या टँकरचा खर्च वेगळा दाखवलाय का ते बघा. उन्हाळ्याचं बिल आणि पावसाळ्याचं बिल शेजारी ठेवलं की बोअर आटतो की नाही ते कळतं. महापालिकेची लाईन आहे पण त्यात पाणी येत नाही अशा इमारती नव्या गावांत भरपूर आहेत. वाकड, पिंपळे सौदागर, रावेत हा पिंपरी-चिंचवडचा भाग, तिथे २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. सोसायटीची टाकी मोठी असेल तर ते जाणवतही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, म्हणून पाणी कुठून येतं याइतकाच ते कोण तपासतं हाही प्रश्न विचारा.

नदीकाठची जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या) नकाशावर बघा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. तळमजला स्वस्त का मिळतोय याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

मोजायचं अंतर एकच: मुलांची शाळा. ऑफिसला मोठा माणूस रखडला तर चालतं, सात वर्षांचं पोर रोज दीड तास बसमध्ये नको. शाळा कोथरूडला असेल तर खराडीची कितीही सुंदर सोसायटी तुमच्यासाठी नाही.

भाडेकरार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. "नोटरी करून टाकू" म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही म्हणा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या (आणि अनामतीवरच्या गृहीत व्याजाच्या) पाव टक्का, म्हणजे वाचवण्यासारखं काही नाही. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट यंत्र घेऊन घरी येतो आणि सगळ्यांचे अंगठे घेतो. त्यासाठी आधार लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्याला आधारसाठी १८२ दिवस थांबावं लागत नाही, ओसीआय असलेल्याला थांबावं लागतं. त्यामुळे नवराबायकोपैकी ज्याचं आधार आहे त्याच्या नावावर करार करा. हाच करार पुढे गॅस, शाळा, बँक सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. पोलीस व्हेरिफिकेशनची पावतीही जपून ठेवा.

आई-बाबांचं घर, तुमचं जुनं घर

आई-बाबांबरोबर राहायचं की नाही यावर मी कुणाला सल्ला देत नाही, पण विचारलंच तर सांगतो: हाकेच्या अंतरावर, वेगळ्या दारात. पहिला महिना त्यांच्याकडे उतरणं ठीक. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघर कुणाचं हा प्रश्न उभा राहतो आणि तो कुणीच मोठ्याने विचारत नाही. बाबांना मात्र एक गोष्ट आधीच विचारा: "सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय का?" कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर भागातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये हे सर्रास चालू आहे. एकदा करार झाला की सगळ्यांना काही वर्षं बाहेर भाड्याने राहावं लागतं. तुम्ही शेजारच्या गल्लीत घर घ्यायचं आणि सहा महिन्यांत आई-बाबाच लांब राहायला जायचे, असं होऊ शकतं.

पुण्यात तुमचा स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर करार संपण्याच्या किमान तीन महिने आधी भाडेकरूला लेखी कळवा. घर ताब्यात आलं की सोसायटीची थकबाकी, वीजबिल, टाकी, आणि किचनच्या भिंतीतली ओल या क्रमाने बघा. मग महापालिकेच्या मिळकतकर विभागात पीटी-३ अर्ज द्या. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते, पण घर भाड्याने होतं तेव्हा ती गेलेली असते आणि ती आपोआप परत येत नाही. अर्जाबरोबर तुम्ही स्वतः तिथे राहता असं सोसायटीचं पत्र जोडा. रकमेच्या मानाने सगळ्यात कमी कष्टाचं काम हेच.

उतरल्यानंतरचा पहिला महिना

आधी नंबर, मग आधारवरचा पत्ता, मग बँक, मग गॅस. या क्रमाने गेलात तर प्रत्येक ठिकाणी पुढचा कागद हातात असतो. ड्रायव्हिंग लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाआधी पुन्हा चाचणी द्यावी लागते, म्हणून संगम पुलाजवळच्या आरटीओची वेळ पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन घ्या. बाबांची जुनी स्कूटर पार्किंगमध्ये उभी असेल तर एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का बघा. तिच्यावर लगेच लक्ष्मी रोडला मात्र जाऊ नका. महिनाभर गल्लीत चालवा, हात बसला की मग.

सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, कोरा असेल. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेऊन सहा-आठ महिने बिलं वेळेवर भरा, गृहकर्जाच्या वेळी हे उपयोगी पडतं.

घरकामाच्या मावशी वॉचमनकाकांच्या किंवा शेजारच्या काकूंच्या ओळखीनेच मिळतात. पगार, सुट्ट्या, दिवाळीचा बोनस पहिल्याच दिवशी बोलून घ्या, आणि डॉलरमध्ये हिशेब करून शेजाऱ्यांच्या दुप्पट देऊ नका; सगळ्या मजल्याचं गणित बिघडतं आणि शिव्या तुम्हाला बसतात. ओला-सुका कचरा वेगळा ठेवा, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई मिसळलेला कचरा घेत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

नोकरी बघत असाल तर देऊ केलेल्या सीटीसीतून (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातून) पीएफ, ग्रॅच्युइटी आणि 'परफॉर्मन्स'वर अवलंबून असलेली रक्कम वजा करून हातात येणारा आकडा काढा आणि त्यावरच घरभाडं ठरवा.

वर्षभरानंतर: खरेदी

एक उन्हाळा, एक पावसाळा आणि शाळेचं एक वर्ष झालं, की कुठे राहायचं ते तुम्हाला एजंटपेक्षा जास्त कळलेलं असतं. आता घर बघा. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो उपकरासकट पुरुषाच्या नावावर ७ टक्के, बाईच्या नावावर ६. वर नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. बांधकाम चालू असेल तर महारेराचा (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाचा) क्रमांक टाकून ताबा देण्याची तारीख कितीदा पुढे ढकलली आहे ते संकेतस्थळावर बघा. जुनं घर असेल तर सूची क्रमांक दोनचे (नोंदणी कार्यालयातल्या खरेदी-विक्रीच्या नोंदीचे) सगळे आधीचे व्यवहार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. पासपोर्ट परदेशी असेल तर शेतजमीन, फार्महाऊस यांच्या नादाला लागू नका. ओसीआय असलेल्यांना ती घेता येत नाही, आणि भारतीय नागरिकालाही महाराष्ट्रात त्यासाठी आधी शेतकरी असावं लागतं. भोगवटापत्र (राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला) नसलेल्या इमारतीत बिल्डर "आठवड्यात येतंय" म्हणाला तर आठवड्याने परत जा. टोकन मात्र ते हातात घेऊन वाचल्यावरच द्या.